गवईबाई आणि बेचाळीस विहिरी

आमच्या विभागात नवा आकडा आला की गवईबाई त्याला आधी बापाचं नाव विचारत, मग गाव. दोन्ही सांगता आलं नाही तर तो आकडा एका वेगळ्या गठ्ठ्यात जाई. त्या गठ्ठ्यावर बाईंनी लाल शाईने ‘बेवारस’ असं लिहिलं होतं. विभागप्रमुख सराफ सरांचे कितीतरी आकडे त्या गठ्ठ्यात होते. माझेही होते.

मी तेव्हा खामगावच्या एका कॉलेजात भूगोलात पीएचडी करत होते. विषय होता संग्रामपूर तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याचा खारेपणा. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोडं आणि खाली पूर्णेकडे यावं तसं खारट, हे तिथल्या कुणालाही माहीत असतं. ते किती आणि कसं बदलत जातं, हे मला बेचाळीस विहिरींवरून दाखवायचं होतं. काम सरकारी निधीतून चाललं होतं आणि त्याची अट अशी, की शेवटी सगळी माहिती नीट लावून सार्वजनिक भांडारात ठेवायची. उद्या दुसऱ्या कुणी ती उघडली तर त्याला ती कळली पाहिजे, वापरता आली पाहिजे. या ‘नीट लावून’साठी नेमलेल्या दोन संगणकवाल्यांनी महिन्याच्या आत काम सोडलं. मग उंद्रीहून निवृत्त तलाठी गवईबाई आल्या.

बुटक्या, रुंद, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि चष्मा कपाळावर. तो कपाळावरून नाकावर उतरला की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी सापडलं. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, मॅडम तहसीलात बसते, मले बाई म्हण. त्या मला मात्र मॅडमच म्हणत. फार रागावल्या तर पोरी.

संगणक त्यांना चांगला येत होता. सातबारा संगणकावर गेला तेव्हा अख्ख्या मंडळातल्या तलाठ्यांना आपणच शिकवलं, असं त्या सांगत. त्यांना येत नव्हतं ते एकच, पुसणं. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खोडत नाहीत. ते कंसात टाकतात, पुढे नवं नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा नंबर. फेरफाराच्या वहीत पाहिलं की कळतं, बदल कुणी केला, कधी, का. पस्तीस वर्षं हेच केल्यावर, आमच्या संगणकावर एखादा रकाना निवडून बटण दाबलं की तो नाहीसा होतो, हे बाईंना भयंकर वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विभागातल्या चारही संगणकांच्या डिलीटच्या बटणावर चिकटपट्टी लावली. आणि एक जाड वही आणून टेबलावर ठेवली. फेरफार नोंदवही.

पहिला फेरफार सरांचाच निघाला. एका रकान्यातलं माप त्यांना फुटातून मीटरमध्ये हवं होतं. पाच मिनिटांचं काम. बाईंनी नोंद घेतली, नोटीस टाइप केली आणि विभागाच्या फळ्यावर लावली. संबंधितांची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. सर फळ्यासमोर उभे राहून ते दोनदा वाचून आले.

“बाई, प्रकल्प माझा आहे.”

“हाव ना सर. वावरही मालकाचंच असते. म्हणून का मालक सोताच फेरफार करून घेते?”

सर पंधरा दिवस थांबले. सोळाव्या दिवशी नोंद मंजूर करायलाही त्यांनाच बोलावलं गेलं, कारण नोंद घेणाऱ्याने स्वतः ती मंजूर करायची नसते, त्याला वरचा मंडळ अधिकारी लागतो. सरांनी मंडळ अधिकारी म्हणून सही केली. त्यानंतर विभागात त्यांना मागून सगळे तेच म्हणू लागले.

कुठल्याही फाईलला बाईंच्या हातून जाताना चतुःसीमा सांगावी लागे. खरेदीखतात जमिनीच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, असं लिहितात तसं. पूर्वेला मोजलं कुणी, पश्चिमेला कशाने मोजलं, उत्तरेला कुठे, दक्षिणेला केव्हा. सरांच्या संगणकावर एका फाईलचं नाव ‘नवीन’ होतं, दुसरीचं ‘नवीन खरं’. बाईंनी विचारलं, दोघी सख्ख्या बहिणी हायत का सवती? सरांना आठवेना. दोन्ही फायली बेवारस गठ्ठ्यात गेल्या.

आणि परसाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी विहिरीत पाणी किती खोल होतं, हे फक्त म्हाताऱ्या माणसांकडून कळतं, आणि ती माणसं परसात सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. एका विहिरीबद्दल थोरला भाऊ म्हणाला सहा परस, धाकटा म्हणाला सात. दोघांचं तिथेच जुंपलं. बाईंनी त्यांना ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, हात वर करून उभं केलं आणि पिशवीतून टेप काढला. थोरला उंच, लांब हातांचा. धाकटा त्याच्या कानापर्यंत. दोघांच्या परसांनी गुणाकार केला तर खोली जवळपास सारखीच आली. “विहीर तेवढीच हाय बे,” बाई म्हणाल्या, “माणसं लहानमोठे हायत.” तेव्हापासून आमच्या तक्त्यात ‘परस कोणाचा’ असा एक रकाना आला. सर तो काढा म्हणत होते, पण तोवर हरकतीची मुदत संपली होती.

सगळ्या माहितीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या गावांत, हाही त्यांचाच नियम. एक खामगावला, एक सरांच्या घरी शेगावला आणि एक पेनड्राइव्ह उंद्रीला बाईंच्या घरी, ज्वारीच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात. संगणकाला कीड लागते असं त्यांनी ऐकलं होतं. ती कोणत्या जातीची, याची चौकशी न करता त्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला होता.

हे सगळं वाचून वाटेल की बाई कटकट्या होत्या. होत्याच. पण एक आठवण वेगळी आहे. सुरुवातीला त्या कागदावरून आकडे वाचत आणि मी टाइप करत असे. माझी शाळा इंग्रजी. एकोणसत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर असं आलं की मी मनात थांबून मोजायची. कुणाला ते दिसू नये म्हणून उगाच खुर्ची सरकवायची, केस मागे घ्यायची. दीड पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यापासून बाई ‘सात, नऊ’ असं सुटं सुटं वाचायला लागल्या. त्या कधीच यावर काही बोलल्या नाहीत. विभागात इतर कुणाला वाचून दाखवताना मात्र एकोणऐंशीच म्हणत.

म्हणून जे झालं ते मला जास्त लागलं.

माझ्या सगळ्या प्रबंधाचा कणा म्हणजे एक रेघ होती. डोंगराकडून नदीकडे यावं तसे विहिरींचे आकडे, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार ते, वाढत जातात आणि रेघ चढत जाते. अगदी देखणी रेघ. फक्त सव्वीस नंबरची विहीर त्यात बसत नव्हती. तिच्या आजूबाजूच्या विहिरी दोन हजारांच्या वर आणि ती एकटी दोनशे दहा. रेघेत खड्डा पडल्यासारखा दिसायचा. प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता. प्रयोगशाळेत एक शून्य लिहायचं राहिलं असेल, असं मला वाटलं. खरं तर तसं वाटून घ्यायचं मी ठरवलं. आणि एका दुपारी बाई जेवायला गेल्या असताना मी दोनशे दहाचे दोन हजार एकशे केले. कंस नाही, फेरफार नाही. पुसायचं काही नसल्यामुळे चिकटपट्टीही आड आली नाही.

बाई दर महिन्याच्या शेवटी चावडी वाचन करत. गावात चावडीवर सगळ्यांसमोर सातबारा वाचतात, तसं आमच्या विभागात. बाई मूळ कागदावरून आकडा मोठ्याने वाचणार, मी पडद्यावर बघून हो म्हणणार. त्या दिवशी विभागात आम्ही दोघीच होतो. बाई वाचत गेल्या. विहीर सव्वीस, दोनशे दहा. मी म्हटलं, हो. त्यांनी सत्तावीस वाचली, अठ्ठावीस वाचली, आणि चष्मा खाली आला.

“सव्वीसचा हो लवकर आला तुया.”

त्या उठल्या, पडदा आपल्याकडे वळवला आणि सव्वीसच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे शून्य कोठचं?”

मी सांगितलं, एक शून्य राहिलं असणार, आजूबाजूला बघा ना बाई, सगळ्या दोन हजारांच्या वर आहेत.

“असन. पण तू पाह्यलं का?”

“नाही.”

“मंग ते शून्य तुयं हाय. विहिरीचं नाई.”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत दोनशे दहा करते. त्यावर त्या म्हणाल्या, आता पहिल्यासारखं होत नाई पोरी, बदललं हेही घडलंच ना. सरांना मी सांगणार नाही, तुझी नोंद मी घेणारही नाही, ती तूच घ्यायची. पण त्याआधी स्थळ पाहणी. माझा प्रबंध, त्याची तारीख, ती देखणी रेघ, सगळं एका वाक्यात त्यांच्या पिशवीत जाऊन बसलं. शनिवारी सकाळी आठच्या एसटीने आम्ही निघालो.

सव्वीस नंबरची विहीर कांतावहिनींच्या वावरात होती. घर आणि वावर लागूनच. त्यांची ओसरी दिसली आणि मला मागच्या वर्षीचं सगळं आठवलं. मी आले होते, त्यांनी मला बसवलं होतं, माझ्या हातातून रिकामी बाटली घेतली होती, बसा मॅडम, उन्हात कुठी जाता, आनून देतो. मी बसले होते. नाही, मीच जाते, असं म्हणायला लागणारे चार शब्द माझ्याकडे नव्हते. पोहे खाल्ले, चहा घेतला, भरलेली बाटली पिशवीत टाकली आणि पुढच्या गावाला गेले.

या वेळीही वहिनींनी आम्हाला बसवलं आणि स्टीलच्या पेल्यांतून पाणी आणलं. बाजूला पाण्याचा निळा जार होता, त्यातलं. बाईंनी पेला खाली ठेवला.

“मले विहिरीचं दे.”

“खारं हाय बाई. नाई जाणार तुम्हाले.”

“जाईन. दे तू.”

वहिनी आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. बाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. “चांगलं हाय,” त्या म्हणाल्या, “वरणात मीठ टाकाचं काम नाई.” वहिनींना हसू आवरेना. हसता हसताच त्या बाईंच्या शेजारी टेकल्या आणि बाईंनी इकडच्या तिकडच्या गप्पांत मागच्या वर्षीच्या बाटलीचा विषय काढला.

“ते होय,” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. “बाई, पाहुणीले खारं पाणी कसं द्या? शहरातली पोरगी. ते बाटली घेऊन जाईन, चार लोकांले दाखवीन, का पहा, हे यांच्या घरचं पाणी. मले कसंतरीच वाटलं. म्हणून जारातलं देलं. बाटली दोनदा विसळली बरं का.”

म्हणजे प्रयोगशाळेने काही चुकवलं नव्हतं. दोनशे दहा बरोबर होतं, निळ्या जारासाठी. माझे दोन हजार एकशे तर कशासाठीच बरोबर नव्हते. आणि खरं संकट ते नव्हतंच. मी किती ओसऱ्यांवर बसले होते, याचा मी मनात हिशेब लावत होते. सहा घरं स्पष्ट आठवली, जिथे बाटली माझ्या हातातून घेतली गेली होती. बाकीच्यांबद्दल मला शपथ घेऊन काही सांगता आलं नसतं. बेचाळीसच्या बेचाळीस विहिरी बेवारस.

परतीच्या एसटीत बाईंनी शेंगदाणे सोलायला घेतले. सोलता सोलता विचारलं, “तुले विहिरीची भीती वाटते का माणसाची?”

“माणसांची.”

“मंग ठीक हाय. विहिरीत पडली असती तं काढाले चार जण लागले असते.”

आणि अर्धे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

सोमवारी मी नोंद लिहिली. चांगली शाळेतली, शहाणी भाषा वापरली. नमुना संकलनात त्रुटी आढळून आली. बाईंनी वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. “आढळून आली म्हणजे काय? रस्त्यावर पडली होती का? कोणी केली ते लिव.” मी चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी मी वाक्याच्या मागे कुठेतरी लपलेली असे आणि प्रत्येक वेळी बाई मला तिथून बाहेर काढत. पाचव्यांदा लिहिलं ते असं: नमुना घेणारी विहिरीपर्यंत गेली नव्हती. आकडा पटला नाही म्हणून नंतर तिनेच शून्य वाढवले. खाली माझं पूर्ण नाव, सही, तारीख.

तेच टाइप होऊन फळ्यावर लागलं. संबंधितांची हरकत असल्यास पंधरा दिवसांत.

मी वर्गातही शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. माझ्या नावाची नोटीस कॉरिडॉरमध्ये आणि पलीकडे पाण्याचा नळ, म्हणजे अख्खं कॉलेज तिथे थांबणार. मी ते पंधरा दिवस दुसऱ्या जिन्याने ये-जा केली. सर पहिल्याच दिवशी वाचून आले. मला बोलावलं. प्रबंध सहा महिने पुढे जाईल, हे त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, “यापुढे आधी विहीर, मग पोहे.”

आठव्या दिवशी फळ्यावर माझ्या नोटिशीशेजारी दुसरी नोटीस दिसली. विभागातल्या पाटील सरांची. पर्जन्यमापकाचे दोन दिवसांचे आकडे अंदाजाने भरले होते, कारण भरणारा मेहुण्याच्या लग्नाला अकोल्याला होता. अकराव्या दिवशी तिसरी लागली, आणि ती लिहिणारे खुद्द मंडळ अधिकारी होते. त्यांच्या जुन्या नकाशातल्या दोन गावांची जागा त्यांनी चहा पिता पिता ठरवली होती. बाईंनी त्यांचंही पहिलं वाक्य परत पाठवलं होतं, असं नंतर कळलं.

सोळाव्या दिवशी बाई कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिल्या आणि चावडीवर म्हणावं तसं तीनदा विचारलं, कोणाची हरकत हाय का. नळावर पाणी पिणाऱ्या एका मुलीने घाबरून नाही म्हटलं. नोंद मंजूर झाली.

मग आम्ही पुन्हा बेचाळीस विहिरी केल्या. एप्रिलमध्ये. बाई सगळीकडे सोबत होत्या. सुरुवातीला ओसरीवर कुणी बाटलीला हात घातला की मी बाईंकडे बघायची आणि बाई म्हणायच्या, द्या तिच्याकडे, तिले हौस हाय विहिरी पाहाची. विसाव्या-पंचविसाव्या विहिरीनंतर त्यांनी हे म्हणायचं कमी केलं. एखाद्या घरी शिरताच त्या चपलेचा अंगठा तपासायला खाली वाकायच्या, शेळीची चौकशी करायच्या. तोवर ओसरीवर मी आणि बाटली आणि घरातली बाई, एवढेच उरायचे.

बेचाळिसावी विहीर केली त्याच दिवशी बाईंची नेमणूक संपत होती. तिथूनच त्या बहिणीकडे संग्रामपूरला जाणार होत्या, मी जीपने खामगावला. घरातल्या सुनेने आम्हाला बसवलं, चहा टाकला आणि माझ्या हातातली बाटली हळूच धरली. बसा ताई, म्या भरून आनतो. मी सवयीने मागे पाहिलं. बाई मला पूर्ण पाठ करून भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत होत्या.

मी म्हटलं, वहिनी, मी स्वतः येते विहिरीवर. तुमचं पाणी जसं आहे तसंच मला पाहिजे.

तिने बाटली सोडली. मग म्हणाली, चला.

विहीर घरापासून दोन वावरं पलीकडे होती. पिकं निघून गेलेली, सगळं मोकळं. आम्ही बादली सोडली, पहिली बादली ओतून दिली, दुसरीतून मी बाटली विसळली आणि भरली. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. मान वर करून पाहिलं तर बाई चढत होत्या. एक हात दांड्याला, दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाला आत सरकवत. त्यांनी मी परत येण्याची वाटही पाहिली नव्हती, बाटली पाहिली नव्हती, काही विचारलं नव्हतं.

बस आमच्या वावराच्या कडेने गेली. विहिरीकडची एक खिडकी रिकामी होती. बाई पलीकडच्या खिडकीशी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, आणि शेजारच्या बाईला हातवारे करत काहीतरी समजावून सांगत होत्या.